स्वरशंका : गिटारवाचून उभा राहिलेला रॉक

मागील अंकात ‘मॉर्फीन’ या अमेरिकन बँडविषयी एक छोटे टिपण दिले होते. मार्क सँडमन यांचा दोन तारांचा बास (खालच्या स्वरांची गिटार) आणि गाणे, डॅना कॉली यांचा बॅरिटोन, म्हणजे खालच्या स्वरांचा, सॅक्सोफोन आणि जेरोम ड्यूप्री यांचे ड्रम्स एवढ्याच सामग्रीवर हा बँड १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे उभा राहिला, आणि रॉक, जाझ व ब्लूज यांच्या मिश्रणातून तयार झालेल्या आपल्या संगीताला त्याने ‘लो रॉक’, म्हणजे खालच्या पट्टीतला रॉक, असे नाव दिले, इतकेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेत आहे. पहिल्या पत्राला उत्तर देताना जागा बरीच लागली आहे; पण तो प्रश्न तितक्याच मोलाचा आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र इंदूरमध्ये शिकतो. एक जण बास गिटार वाजवतो, दुसरा ड्रम्स, आणि तिसरा सॅक्सोफोन. सॅक्सोफोन तो आपल्या काकांकडून शिकला आहे. काका अनेक वर्षे लग्नाच्या बँडमध्ये वाजवीत. वर्षभर शोधूनही आम्हांला गिटारवादक मिळालेला नाही, आणि गिटारशिवाय रॉक होत नाही असे सगळे सांगतात. आम्ही काय करावे? (तीन विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : गिटारवादकाचा शोध थांबवावा आणि येत्या रविवारपासून सरावाला बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॉकमध्ये गिटार नेमके काय करते ते आधी पाहू. ती एकाच वेळी तीन कामे सांभाळते. गाण्याची चाल पुढे ढकलणारी ठेक्याची आवर्तने ती वाजवते, मधल्या जागेत स्वतंत्र वादन करते, आणि उरलेला सगळा वेळ कॉर्ड्सनी, म्हणजे एकदम छेडलेल्या स्वरांच्या जुळण्यांनी, भरून टाकते. ‘मॉर्फीन’ने यांपैकी पहिले काम बासकडे दिले, दुसरे सॅक्सोफोनकडे, आणि तिसरे कोणाकडेच दिले नाही. ती जागा रिकामीच ठेवली. त्या रिकाम्या जागेतच सँडमन यांचा आवाज उभा राहतो. तो मुळात खर्जाकडे झुकणारा, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज आहे. त्याच्या भोवती गिटारचा गजबजाट असता तर त्याला ओरडावे लागले असते. या बँडच्या संगीतात गिटारची उणीव भासत नाही याचे कारण त्या उणिवेवरच सगळी रचना आधारलेली आहे.

दुसरी गोष्ट त्या बासची. बास गिटारला साधारणपणे चार तारा असतात. सँडमन यांनी दोनच ठेवल्या आणि त्यांवर बोटांऐवजी सरकती नळी, म्हणजे स्लाइड, फिरवली. पडद्यांवर बोट ठेवले की स्वर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. स्लाइडने तो एका स्वरातून दुसऱ्यात घरंगळत जातो. आपल्या कानांना याची ओळख करून देण्याची गरज नाही, कारण ही सरळसरळ मींड आहे, फक्त ती बीन किंवा सतारीवर ऐकू येण्याऐवजी इतक्या खाली ऐकू येते की ती कानाआधी पोटात जाणवते. पुढे त्यांनी बासची आणि गिटारची अशा दोन्ही तारा एकत्र लावून तीन तारांचे एक वाद्यही केले आणि त्याला ‘ट्रायटार’ म्हटले. ‘सतार’ हा शब्दही ‘सेहतार’, म्हणजे तीन तारा, यावरूनच आला असे मानतात, हे येथे सहज आठवले. तुमच्या बासवादकाने दोन तारा काढून टाकाव्यात असे मी म्हणत नाही. पण एक पूर्ण आठवडा त्याने दोनच तारांवर वाजवून पाहावे. हात कोठे कोठे सवयीने जात होता आणि कोठे कानाच्या सांगण्यावरून जात होता, हे त्याला त्या आठवड्यात कळेल.

आता खरी अडचण. खालच्या सप्तकात दोन वाद्ये एकत्र आली की गढूळपणा येतो. बासच्या मोकळ्या ‘ए’ तारेची कंपने सेकंदाला ५५ असतात. तिला षड्ज मानले तर तिच्या लगतच्या शुद्ध गांधाराची कंपने सुमारे ६९ होतात. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला १४ या गतीने आवाज थरथरतो आणि गोड षड्ज-गांधाराऐवजी गुरगुर ऐकू येते. हेच दोन स्वर दोन सप्तके वर घ्या. तेथे २२० आणि २७७ असा हिशेब येतो, दोहोंतील अंतर ५७ पर्यंत वाढते, आणि कानाला ती गुरगुर न वाटता संवाद वाटतो. म्हणून खालच्या पट्टीत स्वरांची गर्दी चालत नाही. कॉली यांचे वादन लक्ष देऊन ऐकले तर दिसते की ते बासशी तंतोतंत एकाच स्वरात जातात, किंवा एक सप्तक वर राहतात, किंवा बास थांबला की मगच खाली उतरतात.

तुमच्या मित्राकडे बहुधा ऑल्टो किंवा टेनर सॅक्सोफोन असेल, कारण लग्नाच्या बँडमध्ये तेच जास्त दिसतात. ऑल्टोचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १३९ कंपनांचा, टेनरचा सुमारे १०४ चा, आणि बॅरिटोनचा, वाद्याच्या बनावटीनुसार, ६५ ते ६९ चा असतो. म्हणजे तुमचे वाद्य आपोआपच बासच्या वर राहील आणि टक्कर कमी होईल. बॅरिटोनचा तो काळोखा भारदस्तपणा मिळणार नाही हे खरे. परंतु बॅरिटोन हे महाग आणि पाच-सहा किलो वजनाचे वाद्य आहे, त्याच्या मागे आत्ताच धावू नये. टेनर असेल तर त्याच्या खालच्या अर्ध्या भागात वाजवण्याची सवय करावी. काकांनी शिकवलेली वरात गाजवणारी वरची झेप येथे अधूनमधूनच वापरावी.

ड्रम्सवाल्या मित्राला एकच विनंती आहे. पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि बास हे दोघे एकाच जागेत राहतात. म्हणून बासच्या प्रत्येक स्वराबरोबर पाय आपटू नये. ड्यूप्री यांच्यानंतर आलेले बिली कॉन्वे किती कमी वाजवतात आणि त्या कमीतून चाल कशी डुलत राहते, ते ऐकावे.

कार्यक्रम ठरला तर ध्वनिव्यवस्था करणाऱ्याला आधी भेटावे. हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका सभागृहात बास आणि टेनर सॅक्सोफोन यांचा एक सुंदर प्रयोग ऐकायला गेलो होतो; तेथे दोन्ही वाद्यांचा खालचा भाग इतका वाढवून ठेवला होता की तिसऱ्या रांगेत बसून मला गाण्याचा एक शब्दही कळला नाही, आणि वादकांची सगळी मेहनत एका सलग घुमण्यात विरून गेली. तुमच्या बाबतीत असे होऊ नये. खालचा भाग बासला द्यावा, सॅक्सोफोनचा तेवढा भाग उतरवावा, आणि मधली जागा गळ्यासाठी राखावी.

गिटारशिवाय लोक नाचणार नाहीत, ही शंका तर इंदूरकराने मनात आणूच नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात तेव्हा त्यांच्यापुढे चालणाऱ्या बँडमध्ये फुंकीची वाद्ये आणि ढोल-ताशे यांखेरीज काय असते? त्या आवाजावर रात्रभर जागणाऱ्या गावात तुम्ही वाढला आहात.

प्रश्न : आपल्या टिपणानंतर मी मोबाइलवर हा बँड ऐकला. सॅक्सोफोन आणि गाणे ऐकू आले, पण ज्या बासचे आपण इतके कौतुक केले तो मला फारसा जाणवलाच नाही. मी गायन शिकते आणि रोज पहाटे खर्जाचा रियाज करते, त्यामुळे खालचे स्वर मला ऐकू येत नाहीत असे म्हणता येणार नाही. (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : दोष आपल्या कानांचा मुळीच नाही. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो आणि ५५ कंपनांचा स्वर ढकलण्याइतकी हवा तो हलवूच शकत नाही. तरीही मोबाइलवर बास अगदीच नाहीसा होत नाही, आणि त्याचे कारण आपल्यासारख्या गायिकेला चटकन पटेल. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. ती तार गांधारात लावलेली नसते; पण तिच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर तिच्यात असतो, आणि जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहिल्यामुळे, तो उमलून वर येतो. प्रत्येक तारेत असे उपस्वर असतात. बासच्या ५५ कंपनांच्या तारेत ११०, १६५, २२०, २७५ असे उपस्वर एकावर एक रचलेले असतात. मूळ स्वर स्पीकरमधून आला नाही तरी वरच्या उपस्वरांची ठेवण ओळखून कान खालचा षड्ज मनात भरून काढतो.

मात्र हे भरून काढणे आणि प्रत्यक्ष ऐकणे यांत अंतर राहतेच. शिवाय सॅक्सोफोन पत्तीच्या, म्हणजे रीडच्या, थरथरीवर चालतो, त्यामुळे त्याचे उपस्वर भरघोस आणि टोकदार असतात आणि ते मोबाइलमधूनही ठळकपणे बाहेर पडतात. सँडमन यांचा बास गोल आणि मऊ आहे. परिणामी लहान स्पीकरवर तीन भागांचा हा तोल बिघडतो आणि एक माणूस बासच्या सावलीत सॅक्सोफोनसोबत बोलतो आहे इतकेच उरते.

कानाला नीट झाकणारे हेडफोन वापरावेत. ते नसतील तर घरातला जुना मोठा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्याशी ठेवावा. कोपऱ्यात खालच्या स्वरांना आधार मिळतो. आवाज फार मोठा करू नये. रियाजाच्या खोलीत, तंबोरा खाली ठेवल्यानंतरच्या शांततेत ऐकले तर आपल्याला तो बास नक्की सापडेल, आणि खर्जाची साधना करणाऱ्या कानाला तो इतर कोणाहूनही अधिक काही देईल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : डॅना कॉली एकाच वेळी दोन सॅक्सोफोन वाजवतात असे एका चित्रफितीत दिसले. हे खरेच शक्य आहे की ती चित्रीकरणातली युक्ती आहे? आणि पितळेचा असूनही सॅक्सोफोनला लाकडी फुंकवाद्यांत का धरतात? (एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : ते खरे आहे. कॉली बॅरिटोन आणि टेनर अशी दोन वाद्ये तोंडात धरून वाजवीत. ही रीत त्यांच्या आधी जाझवादक राहसान रोलंड कर्क यांनी गाजवली होती. एकेका हाताला एकेक वाद्य मिळत असल्याने दोन्हींवरचे सगळे स्वर घेता येत नाहीत, म्हणून अशा वेळी छोट्या, मोजक्या स्वरांच्या ओळीच वाजवाव्या लागतात. पण दोन वाद्यांचा जो जाड, किंचित घासणारा आवाज निघतो तो एरवी दोन वादकांना ठेवूनही मिळत नाही, कारण येथे दोन्हींना श्वास एकच असतो. आपण गुजरातेत राहता, तेव्हा कच्छचा जोडिया पावा आपण ऐकला असेल. दोन बासऱ्या एकाच तोंडात, एकीवर आस, म्हणजे सलग धरलेला एकच स्वर, आणि दुसरीवर धून. कॉली यांच्या वादनातली कल्पना याच घराण्याची आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पत्तीत आहे. वाद्याचा वर्ग त्याच्या धातूवरून ठरत नाही. स्वर कशाच्या कंपनातून जन्मतो यावरून ठरतो. ट्रम्पेट आणि युफोनियम या पितळी वाद्यांमध्ये वादकाचे ओठ थरथरतात. सॅक्सोफोनमध्ये बोरूची पातळ पत्ती थरथरते, जशी ती क्लॅरिनेटमध्ये थरथरते. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचे पेटंट घेतले तेव्हा पितळी वाद्यांचा जोर आणि पत्तीच्या वाद्यांची लवचीकता एकत्र आणण्याचाच त्यांचा हेतू होता.

इंदूरमध्ये एका बँडवाल्याच्या दुकानात मी ही पत्ती जवळून पाहिली आहे. म्हाताऱ्या वादकाने ती डबीतून काढली, बोलता बोलता मिनिटभर जिभेवर भिजत ठेवली, मग उजेडासमोर धरून तिच्या टोकाला तडा गेलेला नाही ना हे तपासले, आणि तेव्हाच ती मुखनळीवर बसवून पट्टी आवळली. कोरडी पत्ती किंचाळते, असे ते म्हणाले. शेजारी बसलेला त्यांचा नातू युफोनियमची नळी उपसून आत साठलेले पाणी फरशीवर झटकत होता. त्याच्या वाद्याला पत्ती नव्हती. त्याचे ओठ मात्र सुजल्यासारखे लाल झाले होते. एवढे पाहिल्यावर कोणते वाद्य कोणत्या वर्गातले हे मला पुन्हा कोणाला विचारावे लागले नाही.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा हा बँड ऐकतो. बँडचे नाव एका मादक औषधाचे आहे, यामुळे मला काळजी वाटते. आपण अशा बँडची ओळख मासिकातून का करून दिलीत? (एक पालक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि ती मी हलक्याने घेत नाही. माळव्यात राहणाऱ्या माणसाला अफूविषयी कोणी वेगळे सांगायला नको; एकोणिसाव्या शतकात इंदूर हे अफूच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते, आणि आजही नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते व नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी मॉर्फीन काढले जाते.

बँडने मात्र आपल्या नावाचा संबंध मॉर्फिअस या ग्रीक पुराणातील स्वप्नदेवतेशी जोडला होता. औषधाचे नावही त्याच देवतेवरून आले आहे. म्हणजे दोन्ही नावांचा उगम एक आहे. आणि गायकाचे आडनावच सँडमन. युरोपातील लोककथांत मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून त्यांना झोपवणारा तो हाच सँडमन. झोप, स्वप्न, रात्र यांच्या सीमेवरचे हे संगीत आहे. त्यातील गाणी एकाकीपणाची, अपुऱ्या प्रेमाची, मध्यरात्रीच्या रस्त्यांची आहेत, आणि व्यसनाच्या वेदनेचा उल्लेखही त्यांत येतो, हे आपल्यापासून लपवणार नाही. माझी सूचना अशी की आपण एका संध्याकाळी मुलाशेजारी बसून ते ऐकावे आणि त्याला यातले काय आवडते ते विचारावे. सतरा वर्षांचा मुलगा इतक्या संथ, इतक्या कमी वाद्यांच्या संगीतात रमतो, तर त्याचा कान चांगला आहे, असेच मला वाटते.

प्रश्न : रॉकमध्ये फुंकीची वाद्ये आणणारे इतरही बँड होते. ‘मॉर्फीन’चे वेगळेपण काय? आणि ऐकायला सुरुवात कोठून करावी? बँड पुढे का थांबला? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : ‘शिकागो’ आणि ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ हे दोन्ही बँड १९६७ मध्ये निघाले आणि त्यांनी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचा पूर्ण ताफा रॉकमध्ये आणला. पण त्यांच्याकडे गिटार होतीच. फुंकवाद्ये तेथे गाण्याला उठाव देतात, कडव्याच्या शेवटी झळाळून येतात. ‘टॉवर ऑफ पॉवर’मध्ये बॅरिटोन सॅक्सोफोन बासच्या खांद्याला खांदा लावून चालतो; तो मला ‘मॉर्फीन’चा सर्वांत जवळचा पूर्वज वाटतो, जरी त्यांचे संगीत फंक आणि सोल या घराण्यांतले, उसळते आणि दाट आहे. ‘मॉर्फीन’ने एकच फुंकवाद्य घेतले आणि त्याला मध्यभागी आणून उभे केले. एकट्या सॅक्सोफोनला सगळी जबाबदारी पेलावी लागल्यामुळे तो कधी सारंगीसारखा गळ्याच्या मागे मागे जातो, कधी खडबडीत गिटारसारखा अंगावर येतो.

बँड थांबला तो अकस्मात. ३ जुलै १९९९ रोजी इटलीत, रोमजवळच्या पॅलेस्ट्रिना गावी कार्यक्रम चालू असताना सँडमन रंगमंचावरच हृदयविकाराने कोसळले. त्यांचे वय ४६ होते. कॉन्वे यांचेही २०२१ मध्ये निधन झाले. कॉली आणि ड्यूप्री यांनी पुढे ‘वेपर्स ऑफ मॉर्फीन’ या नावाने ही गाणी वाजवत ठेवली.

सुरुवात १९९३ च्या ‘क्युअर फॉर पेन’पासून करावी, तिघांचा तोल तेथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतो. त्यानंतर १९९५ चा ‘येस’ घ्यावा, जो अधिक वेगवान आणि काहीसा रांगडा आहे. १९९२ चा ‘गुड’ आणि १९९७ चा ‘लाइक स्विमिंग’ सवडीने ऐकावेत. ‘द नाइट’ मात्र सर्वांत शेवटी. सँडमन गेल्यानंतर, २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात तंतुवाद्ये, पियानो व इतर वाद्ये या त्रिकुटात आली आहेत. ड्यूप्री आणि कॉन्वे हे दोन्ही ड्रमवादकही त्यात आहेत. आधीची चार ध्वनिमुद्रणे ऐकून कान तयार झाला असेल, तर एवढ्या वाद्यांच्या मधोमध तो दोन तारांचा बास कोठे चालला आहे हे त्यात बोट ठेवून दाखवता येते.